साखरखान्याची तिसरी कढई गोठली, त्याची हकिकत

॥ श्री ॥ अग्नीस नमस्कार, उदकास नमस्कार, आणि ज्या हातांनी आम्हांस काम शिकविले त्या हातांस त्याहून अधिक नमस्कार. शके एकोणीसशे अठरा, धातानाम संवत्सरी, कार्तिकापासून संक्रांतीपर्यंत वर्तमान जाहले ते ऐसे. एक राज्य होते, त्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. तेथे उसाचे मळे अपार, आणि रस आटवून साखर करणारा साखरखाना हा त्या राज्याचा प्राण. त्यात बंद तोंडाच्या, दोन पुरुष उंचीच्या चार कढया होत्या, आणि कढयांवरील सरदारी निंबाजी मुळीक यांजकडे तीस वर्षे चालत आली होती. कढईचा धर्म ऐसा की, पाक आटता आटता त्यात दाणा धरतो. तो नेमका जाहला की त्याच क्षणी चाक फिरवून तळची झडप उघडून माल खाली सोडावा लागतो. लवकर सोडिला तर साखरेचे पीठ होते, आणि उशीर जाहला तर आतला माल दगड होऊन बसतो, मग पहारीवाचून उपाय नाही. दाणा ओळखावयाचा तो काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन, उजेडाकडे धरून, आपल्या डोळ्यांनी.

निंबाजींचे हाताखाली हैबतराव शितोळे यांणी बारा हंगाम काम केले. निंबाजी उपदेश म्हणून कधी करीत नसत. काच हैबतरावांचे हाती देत आणि मागे उभे राहून पुसत, "काय दिसतं?"

"दाणा बारीक दिसतो, आबा."

"मग?"

"मग थांबावं."

"थांब तर. मला काय, मी पान खातो."

इतकीच ती पाठशाळा. परंतु पौषातील सकाळची तिरपी उन्हे, काचेवरचा मधासारखा थेंब, आणि खांद्यामागून येणारा निंबाजींच्या पानाचा वास, हे हैबतरावांस पुढे जन्मभर आठवत राहिले, आणि आठवले म्हणजे हातचे काम क्षणभर थांबत असे. मग निंबाजींस वृद्धापकाळ आला, आणि त्यांणी सरकारस्वामींस विनंती केली की, आम्हांस गावी जाऊ द्यावे आणि सरदारी हैबतरावांस द्यावी. सरकारस्वामींनी आज्ञा केली की, संक्रांतीपर्यंत हैबतरावांनी काम पाहावे, लोक नीट चालविले तर सरदारीची वस्त्रे देऊ, नाही तर आमचे मेहुणे जयाजीराव आहेतच. जयाजीरावांस काच कोणत्या अंगाने धरावी हेही ठाऊक नव्हते. परंतु वस्त्रांचे माप त्यांणी आधीच देऊन ठेविले होते.

त्याच समयी सरकारस्वामी परमुलखी जाऊन आले, आणि तेथे ऐकून आले की, पुढारी हे आता शिकवून तयार करितात. मग टोकेकरशास्त्री म्हणून एक विद्वान, गळ्यास रेशमी पट्टी बांधणारे, त्यांस मानाने आणविले, मांडव घातला, आणि चार दिवस पडद्यावर चित्रे दाखवून शास्त्रीबोवांनी सांगितले की, पुढाऱ्याने हुकूम करू नये, प्रश्न करावा; उत्तर आपण देऊ नये, समोरच्याकडून काढावे; आधी गुण वाखाणावा, मग उणे दाखवावे. कित्येक या शास्त्रीबोवांस ढोंगी म्हणतात, ते यथार्थ नव्हे. कारण, मांडव उठल्यावर हैबतरावांनी कढईवरील जुने कामकरी धोंडी कदम यांस प्रथमच पुसले की, "कदम, कढईबद्दल तुम्हांस काय वाटते?" तेव्हा वीस वर्षे तोंड न उघडलेला तो मनुष्य म्हणाला, "दोन नंबरची वाफ डाव्या सांध्यातनं जाती. कुणी इचारलं न्हाई, म्हून मीबी बोललो न्हाई." सांधा बांधिला आणि वाफ जाणे थांबले. सबब शास्त्रात सत्य होते, हे आम्ही वाद घालून सिद्ध करू.

परंतु हैबतराव हे मुळात कसोशीचे आणि भिडस्त. वस्त्रांची चिंता त्यांस रात्रंदिवस, त्याहून अधिक चिंता ही की, निंबाजींनी आपले नाव घेतले आहे ते खाली पडू नये. त्यांणी मांडवातील अक्षर न् अक्षर उतरून घेतले आणि पाठ केले. मग मार्गशीर्ष वद्य पंचमीस, दोन प्रहरी, सरकारस्वामी शास्त्रीबोवांस आणि जयाजीरावांस घेऊन नव्या विद्येचे फळ पाहावयास कढयांपाशी आले. तिसऱ्या कढईत दाणा धरत होता. धोंडी कदम यांणी काच पाहिली आणि म्हणाले, "राव, दाणा आला. सोडू का?"

हैबतरावांनीही थेंब पाहिला होता. दाणा आला हे त्यांस उमगले होते आणि 'सोडा' हा शब्द ओठांपर्यंत आला होता. परंतु पाठीशी सरकार उभे. हुकूम केला तर म्हणतील, हा मनुष्य काही शिकला नाही. तो शब्द त्यांणी गिळिला आणि म्हणाले, "तुम्हांस काय वाटते?"

कदमही मांडवात बसलेले. हात जोडून म्हणाले, "मला वाटतं सोडावं. पर तुमास्नी काय वाटतं?"

"तुमच्या मताचा मला आदर आहे. आणखी काय वाटते?"

"आता आणखी काय वाटायचं, राव? दाणा मोठा व्हाया लागला."

"मोठा होतो आहे, हे आपण फार नेमके हेरलेत."

"आवं, कौतुक मागनं करा! आदी हां म्हणा की!"

तेव्हा 'हां' म्हटले. झडप उघडिली, परंतु खाली काही उतरले नाही. आतली रटरट बंद पडली होती. अवघी कढई गोठून शिळा जाहली. जयाजीराव हसून बोलिले, "वा हैबतराव! इतका आदर आम्हीही कधी सासुरवाडीस पाहिला नाही." सरकारस्वामी पाठ फिरवून चालते जाहले, आणि ती पाठ हैबतरावांस त्या हसण्याहून अधिक लागली.

मग पहारी आणविल्या, कढईचे झाकण काढविले, आणि हैबतराव अंगरखा उतरवून स्वतः आत उतरले. दुसरे दिवशी वर्तमान ऐकून निंबाजी गावाहून आले, आणि कढईच्या तोंडाशी पोत्यावर बसले. हैबतराव घामाने निथळत वर आले आणि म्हणाले, "आबा, तुम्ही बारा हंगाम मला विचारीत आलात. मी एक दिवस विचारले तर हे जाहले. माझ्यात काय उणे?"

"मी विचारायचो तवा माझा उजवा हात कुठं असायचा?"

"पाठीमागे. पानाच्या चंचीवर."

"चंची डावीकडं असायची. मागं वळून बघ."

हैबतरावांनी वळून पाहिले. जेथे निंबाजी उभे राहत, त्याच्या मागे झडपेचे चाक होते.

"थोडं चुकलास तर चुकू द्यायचो," निंबाजी म्हणाले. "लई चुकाया लागलास की तू 'सोडा' म्हणायच्या आदीच चाक फिरवायचो. चार बारी फिरवलं. तुला वाटलं, तुझंच बरोबर आलं. तुझी नजर काचेवर, तुला काय कळतंय!"

हैबतरावांचे डोळे भरून आले, आणि रागही आला, आणि हसूही आले. शास्त्रीबोवा मागे उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "हे चाक आमच्या चित्रांत नव्हते," आणि गळ्याची रेशमी पट्टी सोडून कढईत उतरले, आणि एक प्रहर पहार चालविली, हेही लिहिणे न्यायाचे आहे.

मग तिसऱ्या दिवशी कढई मोकळी जाहली, नवा पाक चढविला, आणि सरकारस्वामींनी निरोप पाठविला की, आज आम्ही स्वतः येऊन कढई पाहू, मग वस्त्रांचा निर्णय होईल. हैबतरावांनी काच कदमांचे हाती दिली आणि पुसले, "काय दिसते?" कदम मागील दगडाने भ्यालेले, म्हणाले, "अजून जरा थांबावं." हैबतरावांनी थेंब पाहिला आणि सर्वांदेखत चाक फिरविले, आणि म्हणाले, "कदम, हे मी फिरवले. आता दाणा पाहा, आणि का फिरवले ते तुम्ही मला सांगा." साखर खाली उतरली ती मोत्यांसारखी. कदमांनी मूठभर घेतली, उजेडात धरिली, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, "तुमी थांबला असता तर मी तुमास्नी पुन्यांदा पहार धराया लावली असती." अवघे हसले, आणि सरकारस्वामीही हसले.

संक्रांतीस दरबार भरून हैबतरावांस वस्त्रे जाहली. निंबाजींस आणावयास गाडी पाठविली होती, ती रिकामी आली. गाडीवानाने निंबाजींचा निरोप सांगितला की, "मी आलो तर कढईवरली माणसं हुकमासाठी माझ्याकडं बघतील. त्यास्नी सवय हाय." हैबतरावांनी मान वर केली, तो अवघ्या माणसांची नजर आपणांवर, आणि पाठीमागे कोणी उभे नाही, हे त्यांस तेव्हा प्रथम कळले.

एवंच, हैबतरावांनी सोळा हंगाम सरदारी केली, कदमांस आपल्या मागे सरदार केले, आणि जयाजीरावांनी शिवविलेली वस्त्रे त्यांचेच घरच्या लग्नकार्यात कामी आली. निंबाजी मात्र वस्त्रे जाहली त्यापुढील श्रावणातच वारले. चार वेळा चाक फिरविले ते कोणकोणत्या दिवशी, हे हैबतरावांनी पुसावयाचे राहून गेले. जे जाहले ते लिहिले, लेखनसीमा.