शून्य चौरस फुटांचं बेकायदा बांधकाम

जे. पी. नगरातल्या आमच्या गल्लीत श्री. भीमसेन मुतगेकर यांनी चार कुटुंबांसाठी चार फ्लॅटची इमारत बांधली, आणि ती मंजूर नकाशाप्रमाणे बांधली. ही गोष्ट वेळीच कुणाच्या लक्षात आली नाही. आली तेव्हा रंगकामसुद्धा झालं होतं.

मुतगेकर मूळचे बेळगावकडचे. बेंगळुरूच्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. यंत्राचा भाग केसाच्या दहाव्या हिश्श्यानं जाड भरला तरी तो उचलून बाजूला ठेवायचा, एवढंच काम. अशा माणसाच्या हाती मोजपट्टी असणं एक वेळ समजू शकतं. पण त्याच्या हाती मंजूर नकाशा पडू देणं हा निष्काळजीपणा होता, आणि तो आर्किटेक्ट शंतनुकडून घडला, असं गल्लीचं एकमत आहे.

शंतनु दोन गुंडाळ्या घेऊन आला होता.

"काका, हा सँक्शनचा प्लॅन. आणि हा बांधायचा प्लॅन."

"दोन कशाला?"

"सँक्शनचा ऑफिससाठी असतो. तो अॅक्च्युअली कुणी बांधत नाही."

"मंजूर कुठला झालाय?"

"हा. पण काका..."

"मग बांधायचा पण हाच."

शंतनुला पुण्याहून येऊन सहा वर्षं झाली होती. म्हातारा विनोदी आहे, असं समजून तो हसला आणि चहा पिऊन गेला.

मेस्त्री ज्योतिबाला मात्र पाया आखतानाच घाम फुटला. "अण्णा, चारी बाजूंनी सहा-सहा फूट सोडायचं? मोकळं? जागेचा भाव काय हाय हिथं, ठावं हाय न्हवं?"

"नकाशात सोडलंय."

"नकाशात समदेच सोडत्यात की ओ! नकाशात सोडायला काय जातंय?" ज्योतिबानं कपाळावर हात मारला. "माझ्या हातनं असलं काम आजवर झालं नाही. गावाकडं कळलं तर म्हणतील, ज्योतिबाला सेंट्रिंग जमंना झालं."

इमारत उभी राहिली. तिच्या आणि शेजारच्या घराच्या मधून आकाश दिसू लागलं. लोक मुलांना घेऊन बघायला येत. शेजारच्या पद्मावतीअक्कांच्या स्वयंपाकघरात चौदा वर्षांनी ऊन आलं, तेव्हा त्या घाबरून बाहेर आल्या आणि ह्याची तक्रार कुठं करायची, म्हणून विचारू लागल्या.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण इमारत बांधून होणं आणि इमारतीत राहणं, ह्यांच्यामध्ये भोगवटा प्रमाणपत्र नावाचा एक कागद असतो. बेंगळुरूत त्याला ओसी म्हणतात. मुतगेकरांना तो मिळाल्याशिवाय कायमची वीज मिळणार नव्हती आणि पाण्याचं कनेक्शनही. स्वतः मुतगेकर आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीताई, धाकटे भाऊ दयानंद, विधवा बहीण आणि मुलगा-सून अशी चार बिऱ्हाडं भाड्याच्या घरांतून निघायला टेकली होती. मुतगेकरांचे घरमालक विलासअण्णा यांनी तर मे अखेरची तारीखच दिली होती. त्यांना घरावर आणखी तीन मजले चढवायचे होते. परवानगीचं काय, असं मुतगेकरांनी सहज विचारलं, तर विलासअण्णांनी त्यांच्याकडे, ताप आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

इमारत-अनुमती विभागाच्या खिडकीवर पवित्रा मॅडम बसत. पुढचं बोलणं कन्नडमध्ये झालं. मराठीत आणताना त्यातलं गांभीर्य थोडं कमी होतं, इलाज नाही.

"रकाना चौदा रिकामा आहे सर. विचलन किती टक्के?"

"म्हणजे?"

"मंजूर नकाशापेक्षा जास्त किती बांधलं?"

"काहीच नाही. शून्य."

मॅडमनी शून्य भरलं. संगणकानं लाल अक्षरांत लिहिलं : कृपया योग्य संख्या भरा. मॅडमनी पडदा मुतगेकरांकडे वळवला. पर्याय चार होते. पाच टक्क्यांपर्यंत, पाच ते पंचवीस, पंचवीसच्या पुढे, आणि इतर.

"शून्य कुठं आहे?"

"शून्य नाही येत सर. आजपर्यंत कुणी मागितलंच नाही." मॅडमना खरोखरच वाईट वाटलं. "इतरमध्ये टाकून बघू?"

इतरमध्ये टाकलं. संगणक खूश झाला. आठव्या दिवशी मुतगेकरांना नोटीस आली.

'आपल्या मिळकतीवर शून्य चौरस फूट इतकं अनधिकृत बांधकाम झाल्याचं या कार्यालयाच्या निदर्शनास आलं आहे. सदर बांधकाम सात दिवसांच्या आत स्वखर्चानं पाडावं व पाडकामापूर्वीची आणि पाडकामानंतरची छायाचित्रं सादर करावीत. कसूर झाल्यास कार्यालय ते पाडेल व खर्च आपल्याकडून वसूल करण्यात येईल.'

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. पण मुतगेकर शिस्तीचे. त्यांनी इमारतीचा फोटो काढला. मग मंगळवारी सकाळी दहा वाजता, पत्नीच्या साक्षीनं, त्यांनी शून्य चौरस फूट बांधकाम पाडलं. दहा वाजून एक मिनिटानं दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो प्रतिज्ञापत्रासह जमा केले.

उत्तर लगेच आलं. 'दोन्ही छायाचित्रांमध्ये फरक आढळून येत नाही. सबब पाडकाम झालेलं नाही असं गृहीत धरण्यात येत आहे. तसंच, पाडकाम झालं असल्यास राडारोडा कुठं टाकला, याचा खुलासा करावा.'

"तुमच्या डोक्यात टाकला म्हणावं," प्रमोदिनीताई म्हणाल्या. पण हे खुलाशात लिहिता येईना.

शेवटी सहायक अभियंता चन्नकेशव स्वतः पाहणीला आले. त्यांनी इमारत उत्तरेकडून मोजली. दक्षिणेकडून मोजली. मग आपल्या टेपवर संशय येऊन मुतगेकरांचा टेप मागितला. तिसऱ्या मोजणीनंतर ते नव्या जिन्याच्या पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. हे गृहस्थ चिकोडीचे निघाले. त्यामुळे पुढचं बोलणं मराठीत झालं.

"मुतगेकर, आपल्याकडचे म्हणून सांगालोय. अकरा वर्षं झाली मला ह्या कामात. शून्य कधी लिहिलं नाही."

"पण आहेच शून्य."

"आहे हो! माझ्या डोळ्यांनी बघालोय की. पण मी लिहिलं, की वरचे काय म्हणतील? गल्लीत हिकडं तीस टक्के, तिकडं चाळीस टक्के, आणि मध्ये ह्या एकालाच शून्य. मग विचारणार, चन्नकेशवनं किती घेतले?"

"तुम्ही तर काहीच घेतलं नाही."

"तेच म्हणतोय की! काहीच न घेता नाव खराब." चन्नकेशव यांनी टेप गुंडाळून परत दिला. "चाळीस लिहिलं तर कुणी विचारत नाही बघा. माझी पण मुलगी कॉलेजात आहे ओ. चौकशी लागली तर मी काय दाखवू? ही मोकळी जागा दाखवू?"

आपल्या सहा फुटांमुळे एका प्रामाणिक माणसाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडतील, हे मुतगेकरांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग मी काय करू?"

"करा की स्वल्प कायतरी. गच्चीवर एक खोली. बारा बाय चौदा. पाच टक्क्यांच्या आत बसते. मी मनात करून बघितलंय."

मुतगेकरांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी, गच्चीवर बारा बाय चौदाची बेकायदा खोली बांधण्याची परवानगी मिळावी, असा रीतसर अर्ज तीन प्रतींत दिला. सोबत नकाशा.

पवित्रा मॅडमनी तो दोनदा वाचला. मग आजूबाजूला बघून हळूच म्हणाल्या, "सर, परवानगी दिली तर ते विचलन राहत नाही. ते नकाशात जाणार. मग तुमचं परत शून्य."

"मग परवानगी कुणाची घ्यायची?"

"कुणाचीच नाही सर. ते आपोआप व्हावं लागतं."

मुतगेकर घरी आले तेव्हा विलासअण्णांची वाळू जिन्यात येऊन पडली होती. वरची पाण्याची टाकी उतरवली होती. प्रमोदिनीताई घागरीनं पाणी वर नेत होत्या. मे संपायला नऊ दिवस होते.

"काय म्हणाले?"

मुतगेकरांनी सांगितलं.

प्रमोदिनीताईंनी घागर खाली ठेवली. "चौतीस वर्षं लोकांचे नट-बोल्ट बाजूला काढलेत. आता आपणच बाजूला काढलेले पडलोय. मोजत बसा. मी पहिल्या तारखेला फुटपाथवर गॅस मांडते, त्याची लांबी-रुंदी पण घेऊन ठेवा."

मुतगेकरांनी घागर उचलून वर नेली. मग त्यांनी ज्योतिबाला फोन केला.

ज्योतिबा नवा शर्ट घालून आला. "आता कसं बोललासा!" म्हणाला. इमारतीला वर्ष लावणाऱ्या ह्याच माणसानं खोली सहा दिवसांत उभी केली, कारण ह्या कामाचा त्याला सराव होता. मध्ये एकदाच खोळंबा झाला. एक भिंत ओळंब्यातून अर्धा इंच गेली होती. मुतगेकरांनी ती पाडून पुन्हा बांधायला लावली.

"अण्णा, बेकायदा खोलीला ओळंबा कशाला?"

"बेकायदा आहे म्हणून वाकडी असायचं कारण नाही," मुतगेकर म्हणाले. खोली चार पूर्णांक अठ्ठ्याण्णव टक्के भरली.

मुतगेकरांनी रकाना चौदा भरला, नवा फोटो जोडला आणि तिसऱ्या दिवशी ओसी हातात. 'इमारत समाधानकारकरीत्या विचलित आढळली', असा शेरा होता. जुन्या नोटिशीचं प्रकरणही त्याच टपालात निकाली निघालं. कार्यालयानं नवीन छायाचित्र जुन्या छायाचित्राशी ताडून पाहिलं होतं आणि दोहोंत ठळक फरक दिसत होता. सबब शून्य चौरस फूट बांधकाम पाडल्याचं मान्य करण्यात आलं. राडारोड्याबद्दल मात्र ताकीद होती.

एकतीस मेच्या दुपारी चारही बिऱ्हाडं राहायला आली. दिवे लागले. नळाला पाणी आलं. चन्नकेशव वास्तूला सपत्नीक जेवून गेले आणि जाताना गच्चीवरच्या खोलीला हात लावून म्हणाले, "आता बघा इमारत कशी भरल्यासारखी वाटते."

पहिल्या महिन्यात त्या खोलीत लोणच्याच्या बरण्या राहिल्या. दुसऱ्या महिन्यात सून अश्लेषा तिथून ऑफिसच्या मीटिंगा करू लागली. तिसऱ्या महिन्यात बरण्या आणि सून खाली आल्या आणि नागपूरचे दोन आयटीवाले वर गेले. भाडं चांगलं येतं. दिवाळीच्या सुमारास मुतगेकर इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या पट्ट्यात टेप घेऊन उभे दिसले. काय चाललंय विचारलं, तर म्हणाले, "काही नाही. सहा फूट जरा जास्तच वाटतात, नाही?" पट्ट्यावर आता पत्रा आहे. पद्मावतीअक्कांच्या स्वयंपाकघरातलं ऊन गेलं आणि त्यांची तक्रारही मिटली.

गेल्या महिन्यात कोपऱ्यावरचा ईशान, तरुण मुलगा, स्वतःच्या घराचा नकाशा घेऊन त्यांच्याकडे आला. तुम्हीच गल्लीत एकटे नियमानं बांधलंत काका, म्हणाला, मलाही अगदी तसंच बांधायचंय. मुतगेकरांनी नकाशा नीट पाहिला, नीट गुंडाळला आणि त्याच्या हातात परत दिला.

"छान आहे. हा ऑफिससाठी ठेव. बांधायचा कुठंय?"

ही सगळी हकीकत आम्हाला खुद्द मुतगेकरांनी संक्रांतीला सांगितली. ते एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचा तिळगूळ, घेऊन आमच्याकडे आले होते. आम्ही खूप हसलो. काय हे सरकार, काय हे लोक, कसं व्हायचं ह्या शहराचं, असंही म्हणालो. ते हसले नाहीत. ते वर बघत होते. आम्ही बसलो होतो ती आमची बाल्कनी, म्हणजे बाल्कनीच आहे. फक्त काचा लावून, मधली भिंत काढून आत घेतलीय. सगळेच घेतात.

"मस्त झालीय," ते म्हणाले. "किती टक्के?"

आम्ही विषय बदलला. तुम्हीही हे वाचून हसला असाल, तर हरकत नाही. कुठं बसून हसलात ते सांगू नका. फक्त एकदा वर बघून घ्या.