स्वेनबीच्या शाळेला काहीच झालेलं नव्हतं

निवड करायची वेळ आली की स्वेनबीची माणसं माझ्याकडे यायची. ऑर्लिन हॅगेनला बैल मी निवडून दिला. बर्निसला दुसरा नवरा मीच निवडून दिला, आणि तो पहिल्यापेक्षा बराच टिकला. ट्रॅक्टर, कानाचं यंत्र, थडग्याचा दगड, काय वाटेल ते विचारा. मी जन्मभर गावच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवलं. माझ्या पोरांनी केलेली स्टुलं अशी डुगडुगायची की त्यावर बसून दूध काढणाऱ्याच्या बादलीत थेट लोणीच पडायचं. पण लाकूड निवडण्यात आर्विड ब्रेके कधी चुकला नाही, हे नॉर्थ डकोटातला कुठलाही सुतार सांगेल. जिवंत असेल तर.

तेव्हा माझी बायको लव्हॉन एका संध्याकाळी विद्यापीठाची दोन माहितीपत्रकं टेबलावर ठेवून म्हणाली, “आर्विड, एड.डी. करू की पीएच.डी.?” त्या वेळी मी हातातला बिस्किटाचा तुकडासुद्धा खाली ठेवला नाही.

“दोन्हींत फरक काय?”

“दोन्हींनी डॉक्टरच होते माणूस. पीएच.डी.ला जगात कुणाला माहीत नाही असं काहीतरी शोधून काढायचं. एड.डी.ला आपल्याच शाळेत काय बिघडलंय ते शोधायचं आणि दुरुस्त करून दाखवायचं.”

“म्हणजे एकीत गाय या विषयावर विचार करायचा, आणि दुसरीत आजारी गाय उभी करायची.”

“साधारण तसंच.”

“मग त्यात विचारायचं काय? आपली गाय आजारी आहे.”

गाय म्हणजे शाळा. स्वेनबीच्या शाळेत लव्हॉन कित्येक वर्षं पहिलीला शिकवत होती. गावात चाळिशीच्या आतलं जे कुणी वाचू शकतं, ते तिच्यामुळे. आणि आता शाळा बंद करून पोरं हार्लोच्या मोठ्या शाळेत पाठवायची अशी कुजबुज सुरू झाली होती. ऑर्लिन शाळेच्या बोर्डाचा अध्यक्ष. पुढच्या वसंतात मतदान घेऊ, असं तो कुणाच्याही डोळ्यांकडे न बघता म्हणायला लागला होता. लव्हॉन राजधानीत जाऊन शिक्षण खात्याच्या साहेबांपुढे दोनदा बोलून आली होती. साहेबांनी तिला पेपरमिंट दिली. पहिलीच्या बाईंचं कोण ऐकणार? डॉक्टर ब्रेके म्हणाल्या तर ऐकतील, असं तिच्या मनानं घेतलं. तिला डॉक्टरेट नको होती हो. तिला तिची शाळा हवी होती.

एड.डी.चे वर्ग शनिवारी. गाडीनं तीन तास जायचं, तीन तास यायचं. मी गाडी चालवायचो आणि ती शेजारी बसून वाचायची. सगळं सुरळीत चाललं होतं, पण प्रोफेसर व्हिटेकर म्हणून तिच्या मार्गदर्शक बाई होत्या, त्यांनी एक पाचर मारली. त्या म्हणाल्या, शाळेची अडचण तुम्ही एकट्यानं ठरवायची नाही. ती गावानं आपल्या तोंडानं सांगायला हवी. पालक, शिक्षक, बोर्ड, स्वयंपाकीण, सगळ्यांना विचारा.

प्रोफेसर बाई कॅलिफोर्नियाच्या. त्यांना काय कल्पना? आमच्याकडे माणूस तक्रार करत नाही. वादळात घर उडालं तर म्हणतो, चला, हवा खेळती राहिली. माझा आजोबा मळणीयंत्रात हाताची दोन बोटं घालवून घरी आला, तेव्हा आजीला म्हणाला, “हातमोजे आता स्वस्त पडतील.” असल्या माणसांकडे लव्हॉन वही घेऊन गेली आणि विचारू लागली, आपल्या शाळेत अडचण काय आहे?

“अडचण? छे,” ऑर्लिन म्हणाला. “बरी आहे शाळा.”

“छप्पर गळतं ना, ऑर्लिन?”

“पाऊस पडला तरच.”

शाळेची स्वयंपाकीण बर्निस म्हणाली, “माझं काही म्हणणं नाही गं बाई.”

“अगं, तो ओव्हन चालत नाही ना?”

“चालतो की. लाथ मारायची. आता सवय झाली पायाला.”

लव्हॉन गावातल्या एकूण एक दारात गेली. प्रत्येक दारात तिला कॉफी मिळाली, केक मिळाला, आणि “बरी आहे” मिळालं. तिचं वजन वाढलं, पण वही काही भरेना. एका शनिवारी प्रोफेसर व्हिटेकर म्हणाल्या, “बाई, तुमच्या शाळेला अडचणच नसेल तर एड.डी. कशी व्हायची? पीएच.डी.कडे वळा. पाच-सहा वर्षं जातील, पण छान होईल.”

परतीच्या वाटेवर लव्हॉन खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे नसतंच.

“पाच-सहा वर्षं,” ती म्हणाली. “तोवर शाळेच्या जागी सूर्यफुलं असतील. आर्विड, माझा जीव जातोय त्या शाळेपायी, आणि तिला काही झालेलंच नाही म्हणे.”

मी म्हणालो, “तू माझ्यावर सोड.”

हे वाक्य मी उच्चारलं की लव्हॉन डोळे मिटून घेते. तिनं मिटले.

माझा बेत साधा होता. चर्चच्या तळघरात जेवण ठेवायचं. आमच्या लोकांना घरी गाठलं तर ते शहाण्यासारखं बोलतात, पण पोटात बटाट्याचं हॉटडिश गेलं आणि शेजारी शेजारी बसलं की थोडे सैल होतात. कुणीतरी पहिली तक्रार करायला हवी. मग मेंढरांचं कसं असतं, एक ओढ्यात उतरलं की सगळी उतरतात. आणि पहिलं मेंढरू व्हायला माझ्यासारखा लायक माणूस दुसरा कोण?

सगळं गाव आलं. जेवणं होत आली तसा मी उभा राहिलो आणि चमच्यानं कप वाजवला.

“मंडळी, मी त्या शाळेत आयुष्य काढलंय, मला बोलायला हवं. शाळेची जमीन खचलीये. दुसरीच्या वर्गाला तर इतका उतार आलाय की सप्टेंबरात मागच्या बाकावर बसवलेलं पोर मे महिन्यापर्यंत आपोआप तिसरीत घसरत जातं. परीक्षासुद्धा घ्यावी लागत नाही.”

कुणी हसलं नाही. आमच्याकडे हसतही नाहीत. तळघरात नुसता काट्यांचा आवाज. मला वाटलं, फसलं. तेवढ्यात बर्निस आपल्या ताटलीकडे बघत हळूच म्हणाली, “आता विषय निघालाच आहे म्हणून सांगते. तो ओव्हन. माझा अंगठा दोनदा मोडलाय.”

“दोनदा?” कुणीतरी म्हणालं. “कधी बोलली नाहीस.”

“कुणी विचारलं नाही.”

“लव्हॉननं विचारलं होतं की.”

“असं सगळ्यांसमोर नव्हतं विचारलं.”

आणि मग बांध फुटला. छप्पर, बस, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार, गणिताच्या मास्तरांच्या तोंडाचा वास. एका म्हातारीनं तिच्या लहानपणी कुणीतरी पळवलेल्या डब्याची तक्रार केली. ज्यानं पळवला होता तो शेजारच्याच टेबलावर बसला होता, त्यानं माफी मागितली. ऑर्लिन स्वतः उठला आणि एका बास्केटबॉलच्या सामन्यात पंचानं कसा दगा दिला ते सांगू लागला. त्या सामन्यातले निम्मे खेळाडू आता स्वर्गात आहेत. शंभर वर्षं दाबून ठेवलेलं सगळं त्या तळघरात वर आलं. लव्हॉन लिहीत होती. पेन्सिलीचं टोक मोडलं, तिनं दुसरी घेतली. तिचे गाल लाल झाले होते. मी तिच्याकडे बघून डोळा मारला. लग्नात होती त्याहून सुंदर दिसत होती माझी बायको.

तेवढ्यात डीन लोकेन उठला. डीनची शेती गावाच्या उत्तरेला. साधा, कमी बोलणारा माणूस. लव्हॉनच्याच हाताखाली शिकलेला. त्यानं टोपी काढली आणि ती हातात फिरवत राहिला.

“लव्हॉनबाई, ही तक्रार नाही हं,” तो म्हणाला.

“बोल की, डीन.”

“तुम्ही मला वाचायला शिकवलंत. आमच्या रेनीलाही शिकवलंत. तुमच्याबद्दल काही नाही.”

“अरे बोल तर.”

“ती तिच्या वर्गात एकटीच आहे ना आता. दुसरं पोर होतं ते घर फार्गोला गेलं तेव्हापासून. परवा मी तिला आणायला जरा लवकर गेलो. मधली सुट्टी चालली होती. रेनी मैदानात पळत होती, जीव खाऊन पळत होती. मी विचारलं, काय खेळतेस गं? म्हणाली, पकडापकडी.”

त्यानं टोपी फिरवायची थांबवली.

“आम्ही तिला हार्लोला घालतोय. पुढच्या वर्षापासून. धाकटीलाही. मी कधीचा सांगणार होतो.”

“आम्हीपण,” मागून एक बाई म्हणाली.

“आम्ही कागद भरलेत,” आणखी कुणीतरी म्हणालं.

 लव्हॉनची पेन्सिल वहीवर टेकलेली होती, पण हलत नव्हती. मला लगेच एखादी थाप मारायला हवी होती. जन्मभर मला कधी थाप सुचली नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी तोंड उघडलं, आणि आत काहीच नव्हतं. शेवटी बर्निस उठली आणि तिनं सगळ्यांना हिरवी जेली वाढली. लोकांनी ती खाल्ली, अगदी शेवटच्या थरथरीपर्यंत. खुर्च्या घड्या करून भिंतीला लावल्या आणि जो तो घरी गेला.

प्रोफेसर व्हिटेकरना वही फार आवडली. “आता कशी अडचण सापडली,” त्या म्हणाल्या. “अगदी खरी, जिवंत. आता उपाय करून दाखवा.”

लव्हॉननं तो हिवाळा उपाय करण्यात घालवला. दोन इयत्ता एकत्र बसवून पाहिल्या. हार्लोच्या पोरांना शुक्रवारी आमच्याकडे बोलावलं, तर बर्फानं रस्ता बंद. मधल्या सुट्टीत ती स्वतः रेनीबरोबर पकडापकडी खेळायची. तिचा गुडघा सुजला. मी म्हणालो, “अगं, आता आपलं वय आहे का?” ती म्हणाली, “कुणीतरी पकडायला नको का तिला?”

वसंतात बोर्डाची बैठक झाली. ऑर्लिननं मतं मोजली, एकदा मोजली, मग उगाचच पुन्हा मोजली, जणू मधल्या वेळात एखादं मत व्यायलं असेल. मग टेबलाकडे बघत निकाल सांगितला. बाहेर पडताना तो लव्हॉनपाशी थांबला.

“लव्हॉन, माझा नाइलाज होता गं.”

“माहितीये, ऑर्लिन.”

“तुझ्या अभ्यासाला काही मदत लागली तर सांग.”

मदत लागली. विद्यापीठाचा नियम असा की शाळेत उपाय करायचा तर शाळेची लेखी परवानगी हवी, आणि ती दर वर्षी नव्यानं घ्यायची. लव्हॉन कागद घेऊन ऑर्लिनकडे गेली. मी सोबत होतो. ऑर्लिननं चष्मा लावला, पेन उघडलं आणि कागदावर धरून बसला.

“सही करतो मी,” तो म्हणाला. “पण खाली लिहू काय? अध्यक्ष, कशाचा?”

कागद तसाच परत आणला. शनिवारी प्रोफेसर बाईंनी तो बघितला. माणूस म्हणून चांगल्या होत्या त्या. उठून आल्या आणि लव्हॉनच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

“बंद शाळेवर एड.डी. होत नाही, लव्हॉन. दुरुस्त करायला काही उरत नाही. पीएच.डी. मात्र होते.”

“तिला परवानगी नाही लागत?”

“गेलेल्या शाळेची कोण देणार परवानगी? नाही लागत.”

तर अशी आमची निवड झाली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

पुढे पाच-सहा वर्षं लव्हॉननं गावागावांतल्या शाळा कशा मेल्या याचा अभ्यास केला. शाळेच्या इमारतीत आता रस्त्यावरचा बर्फ काढायची यंत्रं ठेवतात. माझ्या सुतारकामाच्या खोलीत तेलाची पिंपं आहेत. लव्हॉनला पदवी मिळाली तेव्हा तिच्या झग्याच्या बाह्यांवर मखमलीचे तीन पट्टे होते, आणि बर्निस म्हणाली, “बाई, अगदी गांधीलमाशी दिसतेस.” ते तिनं कौतुकानंच म्हटलं, असं मी धरून चाललोय. राजधानीतल्या त्याच साहेबांनी लव्हॉनला भाषणाला बोलावलं. या वेळी तिला ते डॉक्टर ब्रेके म्हणाले आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. टाळ्याही झाल्या. वाचवायला काही नसलं की लोक फार लक्ष देऊन ऐकतात.

आता ती घरूनच विद्यापीठासाठी काम करते. लहान लहान गावांतले मास्तर आणि मास्तरणी आमच्याकडे फोन करतात, सगळ्यांचा प्रश्न एकच, एड.डी. करू की पीएच.डी.? मी फोन उचलतो आणि काही न बोलता तिच्या हातात देतो. तिची पद्धत ठरलेली आहे. ती इमारत विचारत नाही, निधी विचारत नाही. एवढंच विचारते, “या वर्षी पहिलीत किती?” समोरून आकडा येतो. दहाच्या वर असला तर ती म्हणते, एड.डी. कर. खाली असला तर थोडं थांबते, आणि पीएच.डी. म्हणते. आजवर तिचा अंदाज चुकलेला नाही.

मागच्या आठवड्यात मोंटानाच्या सीमेकडून एका तरुण बाईचा फोन आला. आवाजावरून हसरी वाटली. मी फोन लव्हॉनला दिला आणि कॉफी ओतत बसलो.

“पहिलीत किती?” लव्हॉननं विचारलं.

मग ती ऐकत राहिली. बराच वेळ. बाई पलीकडून भरभरून सांगत असावी, भिंतीवरच्या चित्रांबद्दल, बागेबद्दल, मलाही मधून मधून ऐकू येत होतं. लव्हॉननं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

“एड.डी. घे, पोरी,” ती म्हणाली. “आजच अर्ज कर. हो. एड.डी.च.”

तिनं फोन खाली ठेवला. मी तिच्यापुढे कप सरकवला.

“म्हणजे बरीच पोरं आहेत तर,” मी म्हणालो. “किती?”

“दोन.”

“दोन?”

तिनं कप पुढे ओढला.

“जुळी,” ती म्हणाली. “पकडापकडीला दोन पुरतात.”