अर्ध्या पुलाची हिंट

एका जंगलात, बाळांनो, मदत करणाऱ्यांचा नुसता सुळसुळाट झाला होता.

त्या जंगलात शाळा होती. शाळेत बारावी होती, आणि बारावीला गणित होतं. गणित अडलं की विद्यार्थी नदीकाठच्या जांभळीखालच्या शंकाकट्ट्यावर जायचा. तिथे बाकीचे विद्यार्थी मदत करायला टपूनच बसलेले असायचे. हसू नका. चांगली मुलं होती ती. जरा जास्तच चांगली होती, एवढंच.

कट्ट्याचा रिवाज असा. उत्तर सांगायचं नाही, फक्त हिंट द्यायची. हिंट मिळाली की विचारणाऱ्याने "समजलं!" असं ओरडायचं आणि हिंट देणाऱ्याला एक मोरपीस द्यायचं. झुंबरदादा नावाच्या माकडाकडे इतकी पिसं जमली होती, की मागून तो मोरच वाटायचा. खरे मोर मात्र भर थंडीत उघडे फिरत होते.

या शाळेत ठकू नावाची एक खार होती. तिला पूल बांधायचे होते. दोन फांद्या दिसल्या की मध्ये काहीतरी बांधावं असं तिला लहानपणापासून वाटायचं. त्यासाठी नदीपलीकडच्या इंजिनियरिंग कॉलेजात जायला हवं, आणि त्याआधी बारावी पास व्हायला हवं. नाहीतर मामा होताच. मामाचा शेंगा फोडायचा कारखाना होता. "गणितात आपटलीस की दुसऱ्या दिवशी कामावर ये हो," असं त्याने अगदी प्रेमाने सांगून ठेवलं होतं.

त्या वर्षी मुख्याध्यापक गवासरांनी डोकं लढवलं. नदीवर पूल नव्हता, आणि पुलाचा हिशेब करायला जंगलात इंजिनियर नव्हता. तेव्हा सरांनी पुलाचंच गणित परीक्षेला घातलं, आणि ते आधीच जाहीरही करून टाकलं.

"झुलत्या पुलाला दोर किती लागेल, ते काढा," सर म्हणाले. "ज्या उत्तरावर वर्गाचं एकमत होईल तेवढा दोर आणू. एवढी मदत करता एकमेकांना, सगळेच्या सगळे चुकाल कसे?"

आणि त्यांनी मान डोलावली. सरांनी मान डोलावली की आजूबाजूचे जरा लांबच सरकायचे, कारण शिंगंही डोलायची.

ठकू कट्ट्यावर गेली. "इंटिग्रेशन मांडलंय," ती म्हणाली. "पण सुटत नाहीये. या काठापासून त्या काठापर्यंत नुसता गुंता होतोय."

"आधी काय काय करून पाहिलंस?" कासवाने विचारलं. ते सगळ्यांना हेच विचारायचं, आणि तेवढ्यावर त्यालाही बरीच पिसं मिळाली होती.

मग झुंबरदादा पिसं सावरत उभा राहिला. "पूल मध्यावर लोंबतो. डावी बाजू अगदी उजवीसारखी. मग अख्ख्याचं कशाला काढतेस? मध्यापासून एका काठापर्यंतचं काढ!"

कट्टा वेडा झाला. "अहाहा!" "काय युक्ती आहे!" साळिंदराच्या अंगावर तर असे काटे उभे राहिले की शेजारचा ससा किंचाळला.

ठकूने करून पाहिलं. सुटलं की हो! उत्तर आलं चाळीस हात. आनंदाने ती आपल्याच शेपटीभोवती गरगर फिरली. आणि फिरता फिरता थबकली.

"पण दादा, दुसऱ्या बाजूचं काय?"

"विचार कर."

"केला. दुप्पट करायचं ना?"

"उत्तर सांगायचं नसतं इथे," झुंबरदादा गंभीरपणे म्हणाला. "जवळ आलीस."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. झुंबरदादाने आजवर एकही गणित शेवटापर्यंत नेलं नव्हतं. पीस हिंटपाशीच मिळायचं. पुढे कशाला जाईल तो?

सगळा कट्टा ठकूकडे बघत होता. "समजलं!" ती ओरडली आणि पीस देऊन मोकळी झाली.

संध्याकाळपर्यंत ती हिंट जंगलभर झाली. सशाने ती तरसाला दिली, तरसाने रानडुकराला दिली, रानडुकराने फिरून सशालाच दिली आणि पीस घेतलं. सगळ्यांचं उत्तर चाळीस.

परीक्षेत ठकूने पुन्हा एकदा दोन्ही बाजू मोजल्या. आणि लिहिलं, ऐंशी.

निकाल लागला. सगळे पास, ठकू नापास.

"सर, दुप्पट करायचं राहिलंय सगळ्यांचं!" ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"सगळ्यांचं? एवढ्या मदतीनंतर?" सरांना वाईट वाटलं. "पोरी, जरा चार जणांत मिसळत जा."

चाळीस हात दोर आला. पूल झाला. एक टोक जांभळीला बांधलं, दुसरं बांधायला नदीच्या मधोमध झाड काही सापडेना. शेवटी गवासर स्वतः पाण्यात उतरले आणि टोक शिंगांना बांधून घेतलं. पास झालेली मंडळी पिसं लावून, गाणी म्हणत पुलावरून निघाली.

झुंबरदादा सगळ्यात पुढे. टोकाला येऊन तो थांबला. "सर, आता पुढे?"

"विचार कर!" सर कौतुकाने म्हणाले. "जवळ आलास!"

आणि त्यांनी मान डोलावली.

धबाक! धबाक! धबाक! घाबरू नका, कुणी बुडलं नाही. मदतीची सवय होती ना. जो तो दुसऱ्याला "हात मार, हात मार" अशी हिंट देत अलीकडच्या काठाला लागला. पिसं वाहत चालली, आणि आपापली पिसं गोळा करत मोर काठाकाठाने धावत सुटले.

ठकू हसून हसून लोळली. मग तिला मामा दिसला. तो शेंगांची टोपली घेऊनच आला होता.

एवढ्यात पाण्यातून सरांचा आवाज आला. "नापासांसाठी ऑक्टोबरची परीक्षा! प्रश्न एकच. उरलेल्या पुलाला दोर किती लागेल?"

ऑक्टोबरात ठकू एकटीच परीक्षेला बसली. तिने प्रश्न वाचला. खिडकीबाहेर मामाची टोपली पाहिली. शांतपणे लिहिलं, चाळीस.

पहिल्या वर्गात पास! दोराला दोर जोडला, पूल थेट पलीकडे पोचला, आणि जंगलात दिवाळी झाली. "दोन्ही बाजू सारख्याच, असं झुंबरदादा पहिल्यापासून सांगत होता!" सगळे म्हणाले आणि त्याला नवी पिसं दिली. मोर पुन्हा उघडे झाले.

ठकू मधली गाठ टुणकन ओलांडून पलीकडे कॉलेजच्या दारात पोचली. तिथल्या म्हाताऱ्या माळढोकाने विचारलं, "गणित कसं आहे गं तुझं?"

"बरोबर आहे," ठकू म्हणाली, "पण आता सांभाळून घेते."

तात्पर्य: गणितात एकमेकांना जरूर मदत करावी, म्हणजे चूक कुणा एकाची राहत नाही. एवढं करूनही तुमचं उत्तर बरोबर आलंच, तर घाबरून जाऊ नये. निम्मं आत्ता लिहावं, निम्मं ऑक्टोबरात.