मद्यमुक्त क्षेत्र, गोजरबाईचं घर वगळून

घाटघरच्या वरच्या अंगाला जे संरक्षित जंगल आहे, तिथे तंबूत राहणाऱ्या पर्यटकांस मद्य बाळगण्यास सक्त मनाई आहे. नियम क्रमांक सात. तसा फलक मी स्वतः खड्डा खणून उभा केला असून तो अद्याप उभा आहे. मी भिमाजी, गावच्या वनपर्यटन समितीचा सचिव. पद मानाचं आहे, म्हणजे काम माझं आणि मान साहेबांचा. साहेब म्हणजे ज्यांच्या सहीनं तंबूंचा परवाना मिळतो ते.

परवाना एकच आणि तो गोजरबाईचा. भात निघालं की तिचं खाचर मोकळं होतं, त्यात बारा तंबू उभे राहतात. खाचर क्षेत्राच्या आत, घर मात्र बांधापलीकडे, क्षेत्राबाहेर. हद्दीचा दगड तिच्या अंगणाच्या कडेलाच आहे. पूर्वी भात झोडून झालं की ती आणि सून वैजयंती नारायणगावकडे टोमॅटो तोडायला जायच्या आणि पावसाळ्यापर्यंत दुसऱ्याच्या बांधावर पाल ठोकून राहायच्या. तंबू आले तशा दोन वर्षं दोघी आपल्या घरात राहिल्या. परवान्याची अट एकच. मद्य सापडलं की परवाना गेला आणि पुन्हा टोमॅटो.

आता पर्यटक. पुण्याहून निघताना माणूस टॉर्च विसरेल, पांघरूण विसरेल, बाटली विसरणार नाही. पहिल्याच शनिवारी फाटकावर सात निघाल्या. मी साहेबांना फोन लावला. जप्त करू का?

"जप्तीचा अधिकार तुम्हाला नाही."

ओतून टाकू?

"जंगलाच्या जमिनीवर? त्याला वेगळं कलम आहे."

मग पर्यटकच परत पाठवतो.

"आणि पर्यटनाचं उद्दिष्ट तुम्ही पूर्ण करणार का, भिमाजी?"

शेवटी साहेबांनीच तोडगा काढला. बाटली तात्पुरती जमा करून घ्यावी, पावती द्यावी आणि पर्यटक क्षेत्र सोडेल तेव्हा परत करावी. ठेवायची कुठे? चौकीत नाही, ती सरकारी इमारत. शाळेतही नको, हे साहेबांना स्वतःहून सुचलं, याचं मला कौतुक वाटलं. परवानाधारकाच्या घरी, तिच्या जबाबदारीवर ठेवा, असा आदेश झाला. मी लेखी मागितला, तर म्हणाले, "तुम्हाला प्रत्येक गोष्ट लेखी कशाला लागते?"

गोजरबाईनं बाटल्या कणगीत ठेवल्या. आमच्याकडे जे फुटायची भीती, ते कणगीतल्या भातात खुपसतात. अंडी, काचेच्या बांगड्या, सासऱ्याचा चष्मा, सगळं तिथेच.

"पावण्यांची वस्तू हाय," ती म्हणाली. "फुटली तर त्यांना काय तोंड दाखवायचं? भातात ऱ्हाऊ द्या."

तिच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. बाटली ती पदरानं धरायची. उघडलेली असली तर आतल्या पातळीवर कुंकवाची रेघ ओढायची, जेवढी आली तेवढीच परत जावी म्हणून. एका पावण्यानं ती कुंकवाची बाटली परत घेताना सवयीनं कपाळाला लावली.

सुरळीत चाललं होतं. मग सुदर्शन नावाचे गृहस्थ आले. पुण्यातल्या एका कंपनीत लोक नियम पाळतात की नाही, हे बघण्याची त्यांना नोकरी आहे. त्यांनी फलक दोनदा वाचला आणि मला विचारलं, "क्षेत्र सोडलं की बाटली परत मिळते ना?"

हो, म्हणालो.

"मग मी क्षेत्र सोडतो."

त्यांनी बांध ओलांडला, अंगणात गेले, पावती दाखवून बाटली घेतली, हद्दीच्या दगडापलीकडे बसून ती संपवली आणि हात हलवत पुन्हा आत आले. "आता माझ्याकडे काही आहे का?" मी झडती घेतली. खरंच काही नव्हतं. पुढच्या शनिवारी सगळे पर्यटक चार वाजल्यापासून रांग लावून क्षेत्र सोडू लागले.

साहेबांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी फोनवर आदेश आला: पोटातील मद्य हेदेखील बाळगलेले मद्य समजण्यात यावे.

"पण त्याचं करायचं काय, साहेब?"

"बाळगलेल्या मद्याचं काय करता?"

"जमा करून घेतो."

"मग तेच करा."

"पण ते पोटात आहे."

"ज्याचं पोट आहे त्याच्यासकट घ्या. उतरली की परत द्या."

शनिवारी सुदर्शन पुन्हा आले, तेव्हा पावतीबुकात मी नोंद केली. वस्तूचे वर्णन: सुदर्शन, एक नग, अंदाजे पाऊण भरलेला.

गोजरबाई कपाळाला हात लावून बसली. "भाऊ, आता माणसं बी मीच ठिवू? कनगीत मावायची न्हाईत ती."

तरी तिनं ओटीवर घोंगड्या अंथरल्या. त्या शनिवारी अकरा पर्यटक जमा झाले. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, म्हणून सासू-सून रिकाम्या तंबूत जाऊन झोपल्या.

"ही माणसं आमच्या घरात आन् आमी तंबूत," ती मला म्हणाली. "ह्याला काय म्हनायचं, सांगा की."

याला पर्यटन म्हणतात, असं मी सांगितलं.

रविवारी सकाळी तपासणी पथक आलं, बरोबर साहेब. बाराही तंबू उलटेपालटे केले. मद्य शून्य. अकरा तंबू रिकामे आणि एकात दोन बाया गोधडी घडी करताना दिसल्या, तेव्हा पथकप्रमुखांनी महिला पर्यटक वाढल्याची नोंद घेतली. फारच खूश झाले. खुशीत चहाला म्हणून बांध ओलांडून गोजरबाईच्या घरी गेले.

ओटीवर अकरा पुरुष डोकी धरून बसले होते. आत कणगीच्या तोंडाशी एक बूच वर आलेलं होतं. ओढलं तर बाटली निघाली, मग दुसरी, मग एकोणीस.

"धान्यात दडवलेला साठा," पथकप्रमुख म्हणाले. "कुंकू पण आहे. काही पूजाबिजा दिसते. आणि इतकं भात कशाला साठवलंय?"

"खायाला," गोजरबाई म्हणाली.

"गाळायला नाही कशावरून?"

गोजरबाई पुढे झाली. "सायेब, मी कदी वास बी घेतला न्हाई. ह्या पावण्यांच्या हायेत. भिमाजीभाऊंनी पावत्या दिल्यात. भाऊ, बोला की वं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांकडे पाहिलं. साहेब डोंगराकडे पाहत होते. बोललो असतो तर माझं सचिवपद गेलं असतं, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "बाई भोळी आहे." मला तेव्हा लाज वाटली आणि अजून वाटते.

पंचनाम्याला दोन प्रतिष्ठित पंच हवे होते. गावातलं कुणी पुढे येईना, तेव्हा सुदर्शन तोंड धुऊन, इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी त्यांचे एक मित्र. सदर महिलेच्या घरी मद्याचा साठा आमच्या समक्ष आढळून आला, यावर दोघांनी वळणदार सह्या केल्या. मग सुदर्शननी खिशातून पावती काढली. एकोणिसांतली तिसरी, काल अर्धी उरलेली बाटली त्यांची होती. पावती अस्सल असल्यानं बाटली त्यांना देण्यात आली. तीच पावती गोजरबाईच्या बाजूनं मात्र धरता आली नाही, कारण ती केवळ पर्यटकांच्या सोयीसाठी होती.

परवाना रद्द झाला. आमचं क्षेत्र मद्यमुक्त ठरलं आणि साहेबांना शाल मिळाली. मंगळवारी सासू-सून नारायणगावच्या जीपमध्ये बसल्या, पायाशी पालाचे बांबू. गोजरबाई मला टाकून बोलली नाही, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "कनगीत येकदा हात घालून बगा. पावण्याची येखादी ऱ्हायली आसंल तर पोचती करा त्यांना."

तंबू आता समिती चालवते, म्हणजे मी. परवा तुमचा फोन आला होता. शांतता हवी, गर्दी नको, मुलांना जंगल दाखवायचंय, असं बरंच बोललात. नियम कडक आहेत हे ऐकून तुम्हाला बरं वाटलं, असंही म्हणालात. मग आवाज जरा खाली आणून विचारलंत, "पण बाकीची सोय होते ना?"

होते. येताना ओळखपत्र तेवढं आणा. पंच कधी लागतील, सांगता येत नाही.