खटका न उचलिल्याची हकीकत

श्री जळदेवतेस नमन करून, घडले तैसे लिहितो. शके अठराशे ब्याण्णव, साधारणनाम संवत्सरी, वैशाखमासी, कोणा एका गावी विहीर खोल करण्याचे काम चालिले होते, आणि पाणी उपसावयास काठावर डिझेलचे इंजिन बसविले होते, आणि ते चालू करण्याचा मान गड्यांचे सरदार म्हाळोजी यांचा. इंजिनाची तऱ्हा ऐसी की, हवा घेण्याचा आणि धूर सोडण्याचा ऐसे दोन्ही दरवाजे, म्हणजे व्हॉल्व्ह, मिटून दट्ट्या वर चढे तो कोंडला वारा हँडल मारणारास मागे लोटी. म्हणोन कारागिरांनी खटका ठेविला. तो उचलिता धुराचा दरवाजा किंचित उघडा राहे, वारा निघोन जाय, चाक हलके फिरे. मग चाकाने वेग धरिला की खटका पाडावा, वारा कोंडून तापावा, तेलाचा फवारा पेटावा. परंतु म्हाळोजींस खटका उचलणे म्हणजे गनिमास वाट देणे वाटे. गरम इंजिन ते नुसत्या दंडाच्या जोरावर चालवीत, आणि लोक वाहवा करीत, आणि तेणेकरून सरदार हरभऱ्याच्या झाडावर चढले.

एके दुपारी इंजिन बंद करून गडी जेवावयास वर आले. सरदारांचे धाकटे बंधू रखमाजी मात्र तळाशी पहार घेऊन राहिले. इंजिन निवाले, आणि कपारीतून झरा फुटला, आणि दरड खचोन रखमाजींचा पाय धोंड्याखाली सापडला. गडी दोर धरून उतरले, धोंडा हलेना, पाणी कमरेस आले. उपसा सुरू जाहला तरच जीव वाचे.

म्हाळोजी धावले आणि हँडल मारिले. चाक अडले. रखमाजींचे कुटुंब आवडाबाई जवळ उभी होती, ती म्हणाली, "भावजी, खटका उचला. इंजिन गार हाय."

म्हाळोजी बोलिले, "आजवर उचलला न्हाई. तू बाजूला हो."

ती बाजूस जाहली. पुन्हा मारिले, पुन्हा अडले. खालून हाक आली, "दादा, छातीला आलं." मग म्हाळोजींनी सारे बळ एकवटून मारिले, तो दट्ट्या माघारी फिरला, हँडल उलटले आणि मनगट मोडिले. तेव्हा आवडाबाईने एका हाते खटका उचलिला, दुसऱ्या हाते चाक फिरविले, वेग येताच खटका पाडिला, आणि इंजिन चालू जाहले. तोवर गडी पोहत वर आले होते. रखमाजी आले नाहीत.

सांजेस पाणी उतरले आणि प्रेत काढिले. म्हाळोजी भावजयीपुढे बसोन रडले. ती म्हणाली, "मी बाजूला व्हायला नको होतं."

सारांश, वीतभर लोखंडाचा खटका, उचलावयास बळ लागत नाही. सरदारांकडून तेवढे न जाहले आणि पाठचा भाऊ गेला. ऐसे वर्तमान.