आडव्याचं उभं

वेनेरानं कापडी पोस्टरची गुंडाळी उलगडली आणि हातातला ब्रिओश पाव तसाच बाजूला ठेवला. पोस्टरच्या मधोमध असलेलं अंड्यासारखं लांबट चित्र आडवं हवं होतं. ते उभं होतं.

भौतिकशास्त्राची परिषद सुरू व्हायला तासभर होता. तिनं छपाईवाल्या डोन तुरीला फोन लावला.

"डोन तुरी, माझं चित्र फिरवलंत का हो तुम्ही?"

"फिरवलं ना! आडवं मावतच नव्हतं, पोरी. रकाना अरुंद. त्यातली अक्षरं आडवी पडली, तीसुद्धा एकेक करून सरळ केली. आभारबिभार मानू नकोस हां, तुझे वडील दोस्त आहेत माझे."

"अहो पण दिशा! त्या चित्रात सगळं दिशेवरच होतं!"

"अंड्याला कसली आलीये दिशा?" डोन तुरी म्हणाला आणि फोन ठेवून मोकळा झाला.

वेनेराची गेली काही वर्षं त्या दिशेतच गेली होती. दोन अणुकेंद्रकं भन्नाट वेगानं एकमेकांवर आदळली, की क्षणभर क्वार्क आणि ग्लुऑन या सूक्ष्म कणांचं रटरटतं कालवण तयार होतं. त्यातून एखादा जड क्वार्क वाट काढत निघाला, की त्याला धक्के बसतात. पण हे कालवण सगळ्या बाजूंनी सारखं नसतं. मासळीबाजारातल्या अरुंद बोळात पुढून-मागून बसणारे धक्के वेगळे आणि बाजूनं लागणारी कोपरं वेगळी, तसंच. आदळण्याच्या रेषेत धक्के जास्त, असं वेनेराचं गणित सांगत होतं. ही रेषा डावीकडून उजवीकडे, म्हणून अंडं आडवं. उभं अंडं म्हणजे धक्के बाजूनं जास्त, म्हणजे नेमकं उलटं.

आणि हे उलटं मत होतं हेलसिंकीच्या लिंड्रूस बाईंचं. वेनेराचे प्रोफेसर कुतूली त्यांच्याशी वर्षानुवर्षं भांडत आले होते. बाई आज यायच्या होत्या. वेनेराची नेमणूक महिनाअखेर संपत होती, आणि ती वाढवायची की नाही, हे कुतूलींच्या हातात होतं.

"झाकून टाक," शेजारी आपलं पोस्टर टांगणारा अल्फिओ म्हणाला. "खरं चित्र कागदावर छाप, वरून चिकटव. कुणाला कळतंय?"

कागद छापला, चिकटपट्टीनं लावला. कापडावर चिकटपट्टी ठरेना. एक कोपरा दाबला की दुसरा उठे. एटना ज्वालामुखीची राख सकाळपासून खिडक्यांतून आत येत होती, ती चिकटपट्टीला आधी चिकटत होती. शेवटी लोक आत यायला लागले आणि कागद सुळकन टेबलाखाली गेला. वेनेरा त्याच्यामागे गेली. ती वर आली तेव्हा पोस्टरसमोर लिंड्रूस बाई उभ्या होत्या.

"बाजूनं जास्त," बाई चित्राकडे बघत हळूच म्हणाल्या. "हे कुतूलींच्या गटातलं काम?"

"हो... म्हणजे नाही... ते चित्र—"

"माझ्याच गटातलं!" मागून कुतूलींचा आवाज आला. त्यांनी चित्र पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या, क्षणभर तिथंच राहिल्या आणि खाली आल्या. वेनेरानं आठवडाभर पाठवलेल्या मेलपैकी त्यांनी एकही उघडला नव्हता. पोरीनं गणित पुन्हा केलं असणार, उत्तर फिरलं असणार, आणि आपल्याला ते माहीत नव्हतं असं बाईंसमोर कबूल करणं म्हणजे मरणच. "बाजूनंच जास्त. अगदी स्पष्ट आहे!"

"प्रोफेसर, जरा ऐकता का—"

"थांब गं, मी समजावतोय ना." आणि त्यांनी समजावलं. हात हलवून, घाम पुसून, बाजूचे धक्के जास्तच का असायला हवेत, हे त्यांनी असं सांगितलं, की आजूबाजूची माणसं जमा झाली.

लिंड्रूस बाईंचा चेहरा पडत चालला. कुतूलींना आपलं म्हणणं पटलंय म्हणजे आपलंच कुठंतरी चुकलं असणार, ही शंका त्यांना खायला लागली.

"पण सुरुवातीच्या क्षणाचं काय?" त्या म्हणाल्या. "तेव्हा आदळण्याच्या रेषेतले धक्के तुम्ही कसे विसरता?"

"ते नगण्य आहेत!"

"नगण्य? आणा खडू." बाईंनी फळ्यावर गणित मांडलं. बारीक अक्षर, एकही शब्द वाया नाही. धक्के रेषेतच जास्त, हे त्यांनी असं सिद्ध केलं, की तसं वेनेरालाही कधी जमलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वेनेरानं पोस्टरकडे पाहिलं. आता बोललं तर प्रोफेसरांची लाज जाणार आणि आपली नोकरीही. न बोललं तर खोटं पोस्टर आपल्या नावानं जन्मभर टांगलेलं.

"सांता आगाता, सांभाळ गं बाई," ती पुटपुटली आणि मोठ्यानं म्हणाली, "चित्र चुकलंय! छापणाऱ्यानं फिरवलं. माझं उत्तर आडवं आहे!"

इतक्या वर्षांचं आपलं मत कुतूलींनी चारचौघांत मोडीत काढलं होतं आणि लिंड्रूस बाईंनी आपलं. दोघांनी एकदा एकमेकांकडे आणि मग फळ्याकडे पाहिलं.

"पुसू का?" अल्फिओनं विचारलं.

"खबरदार!" दोघं एकदम म्हणाले.

मग कुतूली खाकरले. "हे असं चालायचं नाही. दोन्ही बाजूंनी, मुळापासून पुन्हा मोजावं लागेल. वर्ष तरी जाईल. वेनेरा, तू कुठं जाणार नाहीयेस ना?"

"दोन वर्षं," लिंड्रूस बाई म्हणाल्या. "घाई करू देऊ नका तिला."

वेनेरानं मघाचा ब्रिओश पाव पुन्हा उचलला. तोवर अल्फिओनं पोस्टर सोडवून आडवं टांगलं. चित्र बरोबर झालं, अक्षरं तेवढी आडवी पडली. दुपारपर्यंत बघणाऱ्यांची रीघ लागली होती, आणि सगळ्यांत पुढं माना वाकड्या करून ओळन् ओळ वाचत कुतूली आणि लिंड्रूस बाई उभे होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांची डोकी एकाच बाजूला कलली होती.