लायलची दोरी

धनुष्याची दोरी मेणाविना कोरडी ठेवणे ही गंभीर बाब आहे, याबद्दल विस्कॉन्सिनमधल्या त्या तिरंदाजी क्लबात कुणाचेच दुमत नव्हते. लायल थोर्सनच्या दोरीवर बारीक तंतू उभे राहिलेले दिसले, तेव्हा अध्यक्ष वेंडेल क्रूगर यांनी टोपी काढून छातीशी धरली.

"लायल, ही दोरी आहे की सुतळी? घरच्या माणसाचे असे हाल केले असतेस का?"

लायल वरमला. गेल्या हिवाळ्यात त्याच्या फ्रीजरमध्ये हरणाचे मांस नव्हते आणि त्याच्या बायकोला, आर्डिसला, शेजारच्या मार्सीकडून हरणाच्या मांसाचे सॉसेज मागून आणावे लागले होते. त्या गावात याहून मोठी नामुष्की नाही. यंदा हरीण मारायचेच, असा त्याने चंग बांधला होता. पण हरणांचे जंगल क्लबाच्या ताब्यात असल्याने अध्यक्षांची मर्जी राखणे भाग होते. त्याने निमूटपणे दोरीला मेण चोळले.

नुसते मेण पुरेसे नाही, हे कार्यकारिणीच्या लवकरच लक्षात आले. तापलेल्या गाडीत कंपाउंड धनुष्य, म्हणजे टोकांना चाके असलेले, बिघडते. सबब ते गाडीत एकटे सोडू नये व त्यास उष्मा होऊ देऊ नये, असा ठराव झाला. लायलने धनुष्य पुढच्या सीटवर बसवले, त्याला पट्टा बांधला आणि एसीचा झोत त्याच्याकडे वळवला. आर्डिस मागे बसली.

"मला उकडतंय, लायल."

"तू तापलीस तरी वाकडी होत नाहीस."

"होते. घरी चल, दाखवते."

बाण न लावता ओढलेली दोरी सुटली, तर धनुष्याच्या ठिकऱ्या उडतात. हे खरेच आहे. म्हणून बाणाविना दोरी ओढण्यास मनाई झाली. बाण लावून ओढली तरी दोरी झिजतेच, हे पुढच्या सभेत उपाध्यक्षांनी निदर्शनास आणले. युक्तिवाद बिनतोड होता. सराव बंद झाला. आता रविवारी सभासद मैदानावर जमत, धनुष्ये मांडीवर घेत आणि स्क्रू तपासत बसत. निशाणासाठी रचलेल्या गवताच्या गठ्ठ्यांत चिमण्यांनी संसार थाटले.

"मग हंगामात हरीण मारायचं कसं?" लायलने भीत भीत विचारले.

"मारायचं?" वेंडेल दचकले. "इतक्या चांगल्या धनुष्याने? माझं बघ. घेतल्यापासून काचेच्या कपाटात आहे. एक ओरखडा दाखव!"

हंगामाच्या पहिल्या सकाळी लायल झाडावरच्या मचाणात बसला, आणि भल्याथोरल्या शिंगांचा एक नर थेट खाली येऊन उभा राहिला.  लायलच्या डोळ्यांपुढे मार्सीचा कुत्सित चेहरा आला. त्याने बाण लावला, बोटे दोरीकडे नेली, आणि त्याची नजर दोरीवर पडली.

काय ती दोरी! उन्हाळाभर चोळून तिचा एकही तंतू उभा राहिला नव्हता. धनुष्याच्या चाकांत आभाळ दिसत होते. हरणे दरवर्षी येतात, पण अशी दोरी पुन्हा व्हायची नाही, असे त्याला मनापासून वाटले. त्याने रुमाल काढून दोरीवरचे दव टिपले. हरणाने वर पाहिले, भिडस्तपणे आणखी थोडे थांबले, ओक झाडाची चार फळे खाल्ली आणि निघून गेले.

क्लबाने लायलला उत्कृष्ट निगेचा चषक दिला.

"हा तळू की उकडू?" आर्डिसने विचारले.

"हात नको लावूस. बोटं उमटतात."

आर्डिस पाय आपटत मार्सीकडे गेली. "यंदाही?" मार्सीने दारातच विचारले, चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात. परत येताना आर्डिसच्या डोळ्यांत पाणी होते.

"मेलं लक्षण!" सॉसेज कापताना ती कडाडली. "वस्तू वापरायला असते की पुजायला?"

आणि तिने ते कागदी बशांत वाढले.

"त्या चिनी मातीच्या बशा काढ की," लायल पुटपुटला. "लग्नातल्या."

"वेड लागलंय का? त्या पाहुण्यांसाठी आहेत. आजवर एक टवका उडू दिला नाही मी!"

वाचकहो, हसा खुशाल. फक्त हसता हसता टीव्हीच्या रिमोटवरची प्लॅस्टिकची पिशवी फाटणार नाही, एवढी काळजी घ्या.